घट

दहा किलो ज्वारी टाकली तर पीठ पावणेदहा.
बाकीचं कुठं जाते व, पंचफुला दर खेपेला विचारते,
आणि मी दर खेपेला पाटीकडं बोट दाखवते:
घट धरली जाईल.
वाचता येतं तिला. पटत नाही, एवढंच.

या आठवड्यात थ्री फेज रात्री बारानंतर.
पुढच्या आठवड्यात दिवसा, म्हणतात.
पिपरबोडीत आता अमावस्या-पौर्णिमा कुणी मोजत नाही,
लाईनचा वार मोजतात.
बारा वाजता मोटरी जाग्या होतात वावरा-वावरांत,
आणि माझ्या चक्कीपुढं डबे रांगेत बसतात, माणसं त्यांच्यामागं,
कुणी पोरगं डब्यावरच डोकं टेकून झोपलेलं.

पूर्वेला चिमण्यांचे लाल दिवे.
वीज तिकडूनच निघते,
आमच्या कवेलूंवरून गुणगुणत जाते,
टावरचा एक पाय पंचफुलाच्या तुरीत रोवलेला आहे
आणि तरी ती आमच्याकडं येते
दूरचं कुठलं शहर फिरून, पाहुणीसारखी,
आल्या आल्या जायची घाई.

उन्हाळ्यात ज्वारी माडीवर वाळत घातली
तर सांजेपर्यंत तिच्यावर करडी साय.
पाखडताना पंचफुला म्हणते, हा कोंडा नोहे.
राखेचंही वजन भरतं.
तिची घट मी धरत नाही.

मागं बिल वाढलं म्हणून
मी किलोमागं एक रुपया वाढवला.
कुणी भांडलं नाही.
तीन घरांत आठवडाभर कण्या शिजल्या.
चौथ्या घराचं मला उशिरा कळलं,
मग पाटीवरचा रुपया ओल्या फडक्यानं पुसला.
डाग अजून आहे.

परवा रात्री पट्टा फिरायला लागला
आणि पंचफुलाची ज्वारी अर्धी आत, अर्धी वर असताना
सगळं थांबलं.
नथ्थू ठेमस्कर फटफटीवरून ओरडत गेला,
सेट बंद पडला! कोळसा ओला हाय म्हनते!
चिमण्यांचे लाल दिवे मात्र चालूच.
हसलं कुणीतरी अंधारात.

तेवढ्यात सोनबा कुळमेथे आला खाणीकडून,
सायकलवर चार पोती.
या सायकलला चेन नाही. काढून ठेवलीय.
चढून बसायची नाही, ढकलायची असते ती
अठरा कोस, गावातल्या विटाभट्टीपर्यंत.
दोन भाकरी आन् कांदा, तो म्हणतो,
एवढं तेल लागते या गाडीले.
भाकरी माझ्या चक्कीतली.

त्यानं न विचारताच एक पोतं सोडलं.
चार ढेकळं, तीन विटा, बुडाला पऱ्हाटीचं पेटवण.
कुणाच्या घरून पातेलं आलं, कुणाच्या घरून गूळ,
पंचफुलानं साखरेची पुडी ओच्यातून काढली
जशी काही तिला ठाऊकच होतं.
कोळसा धूर करत राहिला, करत राहिला,
मग लाल झाला.
इतकी वर्षं तो आमच्या खालून काढतात,
त्यावर गावानं चहा ठेवला
हे मी पहिल्यांदा पाहिलं.

कुणी फार बोललं नाही.
म्हातारा बिसन एवढंच म्हणाला,
माह्या बापाच्या वावराखालचा असन हा.
सोनबा म्हणाला, असन.
चहा कडू झाला होता, धुरकट. सगळ्यांनी घेतला.

चार वाजता लाईट आली.
लगेच नंबरावरून भांडण:
अर्धी दळलेली आधी, की रांगेतला पहिला डबा?
मी पंचफुलाची पूर्ण केली.
वजन केलं.
या वेळी तिनं विचारलं नाही.
पातं झटकलं, जात्याभोवतीचं सांडलेलं
मुठीनं गोळा केलं आणि डब्यात टाकलं,
हाताला लागलेलं लुगड्याला पुसत
विझत्या निखाऱ्यांकडं बघत राहिली.

मग म्हणाली,
त्या सोनबाच्या पोत्यातलं कमी झालं तेवढं
भट्टीवाला कापून घेईन ना व?

मी गल्ला उघडला.
चार ढेकळांचा भाव मला माहीत नव्हता.